बाहेर गेलेल्याला घरी आण

अहो शुभाचे अण्णा,

आज आपल्याकडे काय काय आलं, ते सांगते. दोन व्हायोलिनं, एक त्यांचा थोरला भाऊ व्हायोला आणि त्याच जातीचा, माणसाएवढा एक चेलो. इंदिरानगरहून ऑटोवाल्याने चेलोचंही वेगळं भाडं लावलं, साठ रुपये! वाजवणारी पोरं गेली आणि लगेच तुम्हांला लिहायला बसले.

आपल्या शुभाने तुमच्या जाण्यावर संगीत रचलंय. चार वाद्यांचं, खोलीत बसून ऐकायचं. सुरुवात आपल्या सांजवातीच्या प्रार्थनेची, तुमच्या आईंनी रचलेली. ‘बाहेर गेलेल्याला घरी आण.’ मी नेमकी ती ओळ म्हणत होते तेव्हाच फोन आला, होसकोटेच्या रस्त्यावर ट्रकने तुमची स्कूटर चिरडली म्हणून. मी हातातलं ताम्हण देवांवर फेकलं. देव्हाऱ्याची काच फुटली, बाळकृष्ण जमिनीवर घरंगळला.

कार्टीने तेही घातलंय! प्रार्थना मध्येच तुटते आणि चौघं तारांवर गज आपटतात.

“बंद करा!” मी ओरडले. “देवावर हात टाकला, ते चारचौघांत वाजवणार? काढ ते, नाहीतर मी कार्यक्रमाला येणार नाही.”

“आई, अण्णा ट्रकखाली गेले. तोंडात गंगाजळ घेऊन नाही गेले.”

चेलोवाली कानडी पोरगी मध्ये पडली. “अम्मा, स्वल्प मऊ वाजवू?” वाजवलंही. अहो, लग्नात जेवताना वाजवतात तसं! माझं डोकंच फिरलं. तुमचं हाडन् हाड मोडलं, तोंड मला कुणी बघू दिलं नाही, आणि त्यावर हे गुळाचं पाणी?

“जोरात!” मी म्हणाले. “मी फेकलं होतं, ठेवलं नव्हतं. अजून जोरात!”

तार तुटली, पोरीच्या गालाला लागली. रक्त पुसत म्हणते कशी, “सरी अम्मा, बरोबर, आता कळलं.”

तुम्हांला तरी कोणी सांगितलं होतं हो, अंधार पडायच्या आत घरी पोचायची एवढी घाई करायला?

शुभा विचारते, पुढची ओळ कोण म्हणणार? ती तुम्हांला ठाऊक आहे: ‘आणलंस रे देवा.’ रोज दिवा लावते, पण त्या दिवसापासून ती ओळ तोंडातून निघालेली नाही. कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसेन, तो आघात मान वर ठेवून ऐकेन. पण ती ओळ म्हणणार नाही, हा माझा शब्द. ती आता देवाने म्हणावी. पाळी त्याची आहे.

तुम्ही त्याच्या शेजारीच असाल. विचारा, आणि काय म्हणतो ते उलट टपाली कळवा.

तुमची,
सुशीला