रोटीवरचा चुकीचा आकडा

मी, इनोबत युसुपोवा, वय त्रेसष्ट, धंदा रोट्या भाजणे, राहणार कोकंद, तांबटांच्या गल्लीमागचे निळ्या फाटकाचे घर, आज माझ्या मागे काय कोणाचे ते लिहून ठेवते. दुखणे वाढल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे, पण ते छातीत आहे, डोक्यात नाही. कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी गोड बोलून लिहवून घेतलेले नाही. नोटरीने थोडक्यात लिहा म्हटले होते. त्याने मला माफ करावे.

कलम १. राहते घर व अंगणातले जर्दाळूचे झाड मुलगा बखोदीर याला. झाड तोडू नये.

कलम २. तंदूर, पिठाची परात व आंबवलेल्या पिठाचे मडके सून दिलोरोम हिला, एकटीला. बखोदीरला राग येईल. बाळा, तू आजवर तंदुरात जितक्या वेळा हात घातलास तितक्या रोट्या निखाऱ्यात पाडल्यास. तुझी बायको पहाटे उठते आणि कुरकुरत नाही. धंदा तिचा.

कलम ३. रोटीवर ठसा उठवायचा खिळ्यांचा शिक्काही दिलोरोमला, पण एका अटीवर. तीच या कागदातली मुख्य गोष्ट आहे, म्हणून जरा लांबण लावते.

माझे यजमान सोबीर गेले तेव्हा हाताशी एक तंदूर आणि पदरात एक मुलगा होता. घर गल्लीच्या पोटात, रस्त्यावरून धूरसुद्धा दिसत नसे. थोरले दीर तोलिब यांची बेकरी चौकात, वर दिव्यांची पाटी. त्यांच्या भिंतीच्या कोपऱ्यावर वीतभर फळी लावू द्या म्हणून मी विनवले. ते म्हणाले, "भिंत माझ्या गिऱ्हाइकांसाठी आहे." पाटीला पैसे नव्हते. मग सुचले, की रोज शंभर घरांत माझी रोटी जाते, तीच माझी पाटी. नक्षीच्या मधोमध घरच्या फोनचा नंबर उठवायचा. तोलिब हसले, "रोटीवर नंबर? उद्या कबरीवरही छाप, इनोबत!"

शिक्के घडवणारे कारागीर उस्ता हमदम यांनी शिक्का करून दिला. मी लग्नघरी, बारशाला, जिथे जमेल तिथे रोट्या पोचवल्या आणि फोनशेजारी बसले. तीन आठवडे फोन वाजला नाही. मी रोज रिसीव्हर उचलून बघायचे, बिघडला तर नाही ना.

बाविसाव्या दिवशी एक उंच म्हातारी वही घेऊन फाटकात उभी राहिली. "तूच ती रोटीवाली?"

"हो. किती देऊ?"

"मला नको, बाई. एकेचाळीस जणांना हव्यात. तीन आठवडे माझा फोन थांबायला तयार नाही. आधी मी राँग नंबर म्हणून ठेवून द्यायचे. मग एक बाप रडकुंडीला आला, परवा मुलीचं लग्न म्हणाला. म्हटलं, थांबा, लिहून घेते. आज तुझं घर शोधत आले. पत्ताही छापायचास की!"

या मुकर्रम ओपा, मला थोरल्या बहिणीच्या जागी. तेहतीस वर्षे टेलिफोन खात्यात जोडण्या देऊन निवृत्त झालेल्या, एकट्या. झाले होते असे: ठसा सरळ उमटावा म्हणून शिक्क्यावर आकडे आरशातल्यासारखे उलटे करावे लागतात. उस्तांनी सगळे उलटे केले, शेवटचा दोन तेवढा सरळ राहिला. खिळ्यांचे आकडे कोनदार, डिजिटल घड्याळाच्या काचेवर दिसतात तसे. तसला दोन उलटून उमटला की पाच होतो. माझा नंबर दोनावर संपतो, ओपांचा पाचावर.

मी तणतणत उस्तांकडे गेले. चूक माझी, आठवड्यात नवा शिक्का फुकट देतो, म्हणाले. तो आठवडाभर ओपा रोज निरोप घेऊन येत होत्या. एकदा मी त्यांच्या घरी गेले. फोनशेजारी खुर्ची, खुर्चीवर उशी, टोक केलेल्या तीन पेन्सिली. फोन वाजला आणि त्या म्हणाल्या, "बोला! पाहुणे किती? साठ? मग पन्नासात कसं भागवणार? लोक रोटी नुसती बघायला येत नाहीत!" समोरच्याने सत्तर घेतल्या. मला फोनवर धड नमस्कारही जमत नाही. आठवडा संपल्यावर मी नवा शिक्का आणला आणि लाकडी पेटीत, लग्नाच्या शालीखाली ठेवून दिला. ओपांना सांगितले, "उस्तांचे हात आता थरथरतात, नवा जमायचा नाही." त्या म्हणाल्या, "राहू दे. मी आहे ना."

त्याला अठरा वर्षे झाली. पहाटेच्या पहिल्या सहा रोट्या टॅक्सीतळावर फुकट द्यायच्या, म्हणजे गाडीत वास भरतो आणि प्रवासी विचारतात, ही युक्ती ओपांची. डझनाला एक वर, तीही त्यांचीच. माझा मुलगा शिकला, माझे छप्पर झाले, ते या बाईच्या आवाजावर. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही. इथे लिहिते: ओपा, मी तुमची फार ऋणी आहे.

आता बखोदीर म्हणतो, "आई, चुकीच्या नंबरवर कोणी धंदा करतं का? माझा मोबाइल छापू." म्हणून अट: मुकर्रम ओपा हयात आहेत तोवर रोटीवर पाचच उमटेल. ज्या दिवशी शिक्का बदलेल त्या दिवशी तंदूर दिलोरोमचा राहणार नाही, मशिदीला जाईल. पेटीतला शिक्का ओपांच्या माघारी बाहेर काढावा, आधी नाही.

कलम ४. दीर तोलिब यांना माझ्याकडून दर शुक्रवारी दोन गरम रोट्या, ते हयात असेपर्यंत. नंबर त्यांच्याकडे तोंड करून ठेवावा.

कलम ५. ओपांना मी काहीच ठेवू शकत नाही. साक्षीदाराला काही देता येत नाही असे नोटरी सांगतो, आणि त्यांनी घेण्यापेक्षा साक्षीदार होणे पसंत केले.

कोकंद, १४ मार्च २०२१.
सही: इनोबत युसुपोवा

साक्षीदार १: सोतवोल्दी मिर्झायेव, मोहल्ल्याचे वडीलधारे. माझ्यासमोर सही झाली.

साक्षीदार २: मुकर्रम एर्गाशेवा, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. माझ्यासमोर सही झाली. सगळे वाचले. एक दुरुस्ती नोंदवते. पेटीतल्या शिक्क्याचे मला पहिल्यापासून माहीत आहे. तो तयार झाल्याचे कळवायला उस्ता हमदम यांनी फोन केला होता, स्वतःची चूक विसरून, तुझ्याच रोटीवरचा नंबर बघून. "इनोबतला सांगा, घेऊन जा." अठरा वर्षांत मी तुला न पोचवलेला निरोप तेवढा एकच. तेव्हापासून रोज सकाळी रोटी आली की आधी शेवटचा आकडा बघते, मग तोडते.