ओढ्यापलीकडची पट्टी

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी सकाळपासून मी तुमच्याशीच भांडतेय. इथे आखातात, रुवैसच्या अलीकडे एक रस्ता होणार आहे. त्याआधी तिथली जमीन हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कशी वापरली, ते शोधून लिहून देणं हे माझं काम. वाळूत एका आटलेल्या तळ्याचा काठ सापडला. काठाने दगडी हत्यारांच्या कपच्या, काळवंडलेली चूल, पाट्याचा अर्धा तुकडा. म्हणजे माणसं नुसती गुरांना पाणी पाजून जात नव्हती; राहत होती, दळत होती. काठाची शेवटची पट्टी तेवढी उन्हापायी चालून तपासायची राहिली. आमच्या नागपूरकर मॅनेजरला तिथे ‘पुरावा नाही’ असं लिहून हवंय. "मॅडम, रेतीच तर आहे. यल्ला, साइन करा, खलास!" लेकीला सांगितलं, तर मोबाइलमधून मान वर न करता म्हणते, "आई, इट्स जस्ट सँड." दोघांवरही उखडले. पण पेन उघडून बसले होते ती मीच.

कॉलेजात असताना तुम्ही जुन्या वस्त्या शोधायला नेलंत, ते शिबिर डोक्यातून जात नाही. चुलीवर पिठलं रटरटतंय आणि तुम्ही आमच्या वह्या तपासताय. माझ्या मैत्रिणीची वही तुम्ही सगळ्यांसमोर भिरकावलीत. "चालली नाहीस ना तिथे? मग ‘पाहिलं नाही’ असं लिही. ‘काही नाही’ लिहायचा तुला काय अधिकार?" ती रडकुंडीला आलेली. मग माझी वही. ‘ओढ्यापलीकडची पट्टी: काही नाही.’ तुम्ही मान डोलावता, "हिच्यासारखं चाला," म्हणता आणि स्वतःचं पितळी भिंग माझ्या हातावर ठेवता. त्या वह्यांवरून तुम्ही तिथल्या प्राचीन वस्तीचा नकाशा काढलात: ओढ्याअलीकडे घरं आणि शेती, पलीकडे नुसती चराई. तो तुमच्या पुस्तकात छापला गेला. मुलं अजून तोच शिकतात.

सही केलेली नाही. उद्या उजाडताच ती पट्टी चालून येणार आहे. मॅनेजर बोंबलू दे, नोकरीचं बघू, इन्शाल्ला. भिंग बॅगेत टाकलंय. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी माझा धीर झाला नसता. तुम्ही होतात तेव्हा दर दिवाळीला तुमच्याकडे चहा पिऊन गेले, तेव्हा कुठे तोंड उघडलं? बाई, त्या दुपारी मी ओढा ओलांडलाच नव्हता. अलीकडच्या बाभळीखाली झोपले होते.