न गंजणारे गज

२९ जुलै
पोचले बाई एकदाची! आलापल्लीपर्यंत एसटी, तिथून भामरागडला दुसरी, आणि शेवटी आरोग्य केंद्राची जीप. कंबरेचा पार भुगा झाला. जीपवाल्याने दोनदा विचारलं, एकटीच काऊन आल्या? सांगितलं, एकटीच, नि मोठ्या खुशीने.

त्याला काय सांगणार! बल्लारपूरला दोन खोल्यांत सरफराज भाईजान, भाभी, त्यांची चार पोरं आणि मी. अम्मी-अब्बा गेल्यापासून मी त्या घरात जास्तीच्या खुर्चीसारखी होते, कोणीही उचलावं नि सरकवावं. लॅब टेक्निशियनची ही कंत्राटी नोकरी लागली तेव्हा भाभीने स्वतःहून बॅग भरून दिली. रोजनिशी मी शाळेतल्या मराठीत लिहिते. बोलताना मले-तुले करते ती गोष्ट वेगळी. मराठीत लिहिलेलं घरी कोणी वाचत नाही, हा फायदा.

क्वार्टर म्हणजे एक खोली, पण माझी एकटीची! खिडकीचे गज बघून तर खूशच झाले. आमच्याकडे पावसाळ्यात कुलूपसुद्धा गंजून बसतं. इथे गज, कडी, खाटेचे पाय, सगळं घासलेल्या ताटासारखं चकचकीत. कोणीतरी चोख बाई दिसते कामाला.

१ ऑगस्ट
ती चोख बाई म्हणजे रुखमाबाई, इथली आया. मूळची ब्रह्मपुरीकडची, पंचवीसेक वर्षांपासून इथेच. मला म्याडमबाई म्हणते आणि माझ्या पोळ्यांना नावं ठेवते.

माझ्या भिंतीला लागूनच माहेरघर आहे. पुराने रस्ते तुटायच्या आत दूरच्या पाड्यांवरच्या, दिवस भरत आलेल्या बायकांना तिथे आणून ठेवतात. यंदा एकच आली आहे, सोमारी. नवरा तिला इथे पोचवून धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, परत गेला. पहिलंच बाळंतपण, मराठी चार शब्द येतात, आणि डोळे सशासारखे.

तिचं रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसात. गरोदर बाईला निदान अकरा तरी हवं. बाळंतपणात थोडं जरी जास्त गेलं तर ही पोरगी वाचायची नाही. सिकलसेल नाही हे बघून घेतलं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. मी रुखमाबाईकडून तिला समजावलं, की गोळी जेवणानंतर घे, लिंबू पीळ, चहाबरोबर नको. शौचाला काळी होईल, घाबरू नको. आणि लवकर बरं व्हायचं म्हणून मनाने दोन-दोन खाऊ नको, कारण जास्तीचं लोखंड बाहेर टाकायला शरीराला वाट नसते. ते काळजात साचतं नि काळीज खराब करतं. यावर रुखमाबाई खो खो हसली. बाईच्या अंगात जास्तीचं लोखंड कुठी राह्यते म्हणे!

सुई दुखत नाही हे दाखवायला मी माझंही बोट टोचलं. तेरा पूर्णांक चार. म्याडमबाई तर खाण हाय लोखंडाची, असं तिचं मत पडलं.

सोमारीच्या उशाखाली विळा आहे. इथे प्रत्येकीच्या उशाखाली ठेवतात, बाहेरचं काही येऊ नये म्हणून. अम्मीसुद्धा बाळंतिणीजवळ चाकू ठेवायची, त्यामुळे मी तो होता तिथेच राहू दिला.

५ ऑगस्ट
डॉक्टर आणि नूतन सिस्टर मीटिंगला भामरागडला गेले आणि तिकडेच अडकले. पूल पाण्याखाली. मोबाइलला रेंज नाही. अख्ख्या आवारात आम्ही तिघीच.

शांतता हवी होती ना, घ्या आता! दिवसभर काही वाटत नाही. जेवायला बसलं की घास फिरतो. भाभीची किटकिटसुद्धा आठवते. म्हणून ताट घेऊन सोमारीच्या खाटेवर जाते. ती मला निसात म्हणते, माझं नाव तिच्या जिभेला तेवढंच जमतं. पाण्याला तिच्या बोलीत येर म्हणतात हे तिने शिकवलं, मग माझ्या तोंडून ऐकून पोट धरून हसली. किती दिवसांनी कोणी माझ्याशी हसलं असेल!

८ ऑगस्ट
सोमारीचं हिमोग्लोबिन वाढायचं सोडून कमी झालं. साडेसहा. रोज माझ्यासमोर गोळी गिळते, मी तिचं तोंड उघडून बघते. रक्त कुठूनही जात नाही. मशीन बिघडलं म्हणावं तर माझं बरोबर तेरा दाखवतं.

चादर बदलताना विळा हातात आला. मी आले तेव्हा त्याचं पातं दोन बोटं रुंद होतं. आता गवताच्या पात्याएवढं राहिलं आहे. गंज नाही, चकचकीत. रुखमाबाईला म्हटलं, एवढं घासता तरी कशाने? खिडकीचे गजसुद्धा? तर म्हणे, गज का कोणी घासते, म्याडमबाई? मी तं हातबी नाई लावला कधी. आणि भांडी उचलून निघून गेली.

मग मी गज नीट पाहिले. खिडकीच्या चौकटीत जाड आहेत, मधे मात्र पेन्सिलीएवढे.

९ ऑगस्ट
दुपारी जेवून पडले होते. भिंतीपलीकडून आवाज येत होता, गाय वासराला चाटते तसा. बकरी शिरली असेल म्हणून उठून गेले. सोमारी गाढ झोपलेली. विळा उशाबाहेर आलेला, ओला. सोमारीचे ओठ पांढरे.

रुखमाबाईला हलवून हलवून विचारलं, तेव्हा कुठे बोलली. गेल्या पावसाळ्यात इथे कमळा नावाची बाई होती. अंगात रक्त नाही. भिंतीची माती खायची, गज चाटायची. सगळ्या तिच्यावर ओरडायच्या. मला माहीत आहे, लोह कमी झालं की अशी भलती भूक लागते. तो आजारच आहे, त्यात ओरडण्यासारखं काय! गोळीने मळमळायचं म्हणून ती गोळ्या खिडकीतून फेकायची. रस्ता बंद असताना कळा आल्या. ती गेली, पोटातलंही गेलं. शेवटपर्यंत कोणीतरी जवळ बसा म्हणत होती. रुखमाबाई दुसऱ्या बाळंतिणीकडे होती.

तेव्हापासूनच रुखमाबाई सगळ्यांच्या उशाला विळा ठेवते.

११ ऑगस्ट
आज पाहिलं. भरदुपारी.

सोमारीच्या उशाशी वाकलेली बाई. पाठ माझ्याकडे, पोट जमिनीपर्यंत आलेलं. आधी विळा चाटत होती. मग सोमारीचा हात उचलला. मी सुई टोचते ते बोट तोंडात धरलं, बाळ धरतं तसं.

मी ओरडले, तर ती वळली. जीभ कागदासारखी पांढरी. मग तिथे कोणी नव्हतं.

१२ ऑगस्ट
रात्रभर विचार केला. आमच्या सगळ्यांचंच चुकलं. लोखंडाला ती भीत नाही, लोखंडासाठीच तर येते. विळा चाटायला येते आणि तिथेच सोमारी सापडते. उपाशी माणसाच्या वाटेवर आपणच ताट मांडून ठेवलं.

रुखमाबाई ऐकेना. विळा काढला तं पोरगी मरन, म्हणे, आणि रडायला लागली. शेवटी मी चोरून केलं. सोमारीच्या उशाखाली फडक्यात गुंडाळलेली बांबूची काडी ठेवली. विळा माझ्या उशाखाली.

माझ्याजवळ तेरा आहे. सोमारीजवळ सहा. हिशोब काय अवघड आहे!

१४ ऑगस्ट
सोमारी सातवर आली! दोनदा जेवण मागितलं.
माझं साडेदहा.
दुपारी बोटाला थंड लागतं. डोळे उघडत नाही मी. उघडायचेच नाहीत असं ठरवलं आहे.

१६ ऑगस्ट
खोलीतून माहेरघरापर्यंत चालले तर धाप लागली. तळहात पांढरे. सोमारीने माझे हात तिच्या हातांत घेऊन चोळले. काही विचारत होती, मला कळलं नाही. खूप रडू आलं. अम्मीनंतर माझे हात कोणी चोळले नव्हते.

आज स्वतःचं रक्त तपासलं नाही. हिंमत नाही झाली.

कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. दुपारी खिडकीशी उभी होते, आणि भानावर आले तेव्हा — माझी जीभ गजाला लागली होती. गार. गोड.

पूर उतरत का नाही —

१८ ऑगस्ट
विळा संपला. नुसती लाकडी मूठ उरली.

सोमारीला कळा सुरू झाल्या. रुखमाबाई हाका मारून राह्यली, म्याडमबाई या, पाणी आणा. उठवत नाई मले. मी भिंतीला धरून बसली आहे.

तिकडे आता रक्त येईल. खूप. कमळाला वास येईल —

कडी काढून ठेवली. दार उघडं. तिने इकडेच यावं. बोट टोचलं. थेंब निघत नाई, दुसरं टोचलं, तिसरं —

आली.

समोर बसली आहे. भीती वाटेल असं वाटलं होतं. नाई वाटत. पेशंट बसतात तशी बसली, हात मांडीवर, नंबर कधी लागते बघत. किती दिवसांची उपाशी. म्हटलं, कमळाबाई, मी बसली आहे तुमच्याजवळ. कुठी नाई जात. गोळी दिली हातावर. तोंडात घातली. मग खिडकीतून थुंकली. बोट धरलं —

सोमारी ओरडून राह्यली. निसात, निसात म्हणते. माझंच नाव. रुखमाबाईचं नाई —

रडलं! बाळ रडलं! पोरगी झाली म्हणते रुखमाबाई. लाल आहे म्हणते, चांगली लालभडक —

कमळानेही ऐकलं. बोट सोडलं. उठली —

दाराकडे नाई, माहेरघराच्या भिंतीकडे — नको बाई, तिकडे नको, तिथं काही नाई तुमचं — इकडे — आहे अजून, थोडं आहे माझ्यात — इथी, गळ्याशी, हे बघा, इथी —