आंबे झेलणारी गोलकीपर

रत्नागिरी, १२ जानेवारी २०२५

ती. गंगाराम काका आणि यमुना काकीस,
सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि मी ओरडले की सगळं हॉस्टेल जमा होतं, म्हणून पत्र. काका, मला घेतलं! नव्याकोऱ्या सागरलाट फुटबॉल क्लबची पगारी गोलकीपर! ओहोटीला भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत सराव असतो. कोच दीप्तीताईंनी विचारलं, इतके मऊ हात कुठे कमावलेस? म्हटलं, काकांच्या कलमांखाली, आंबे झेलून. सगळ्या खो खो हसल्या.

लोभ आहेच, सामन्याच्या दिवशी जरा जास्त असू द्यावा.
तुमची आम्रपाली

पावस, १८ जानेवारी

चि. आम्रपालीस,
जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

काकीने तुझं पत्र अख्ख्या वाडीला वाचून दाखवलंन. हसू देत गो त्यांना. झेल्याच्या जाळीतून निसटलेला आंबा तू हात मागे घेत अलगद झेलायचीस, एक डागी होऊ दिला नाहीस. यंदा मोहोर झकास आहे. पण पगारी बाईसाहेब आता कलमांखाली कशाला उभ्या राहतील?

माया आहे तेवढी सगळी तुझीच.
तुझा काका

रत्नागिरी, ९ फेब्रुवारी

ती. काकांस सविनय जय भीम.

काका, मी घात केला. आधीचे तीन सामने हरलो, तरी मजा होती. काल चिपळूणला बरोबरी होती आणि शेवटच्या मिनिटाला चेंडू आला. मी झेलला, अगदी आंब्यासारखा, हात मागे घेत. मी ऐन रेषेवर उभी, हातांबरोबर चेंडूही गोलरेषेच्या आत! माझ्याच हातांनी गोल! बसमध्ये रत्नागिरी येईपर्यंत रडत होते.

त्यात आज कळलं, मालकांनी अंग काढून घेतलं. क्लब बंद! रविवारी शेवटचा सामना. गोव्याच्या एका क्लबच्या कोच बघायला येणार आहेत, त्यांना गोलकीपर हवी आहे. त्यांनी घेतलं नाही तर माझं खेळणं संपलं. हात मागे घ्यायचे नाहीत म्हटलं तर चेंडू हातातून उडतो. काय करू?

रागावलात तरी माया आटू देऊ नका.
तुमची आम्रपाली

पावस, १२ फेब्रुवारी

चि. आम्रपालीस आशीर्वाद.

हे पत्र एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती देतोय, पोस्टाला वेळ नाही.

अगो वेडे, चूक हातांची नाही, पायांची. कलमांखाली रेषा कुठे होती? काल खळ्यात कोळशाने रेषा ओढली आणि काकीला नारळ फेकायला लावले. हात चांगले दोन वीत मागे जातात. तेव्हा रेषेच्या एक पाऊल पुढे उभी राहा. काकीचा दुसरा नारळ माझ्या पोटात बसला, तरी सांगतो, हात बदलू नकोस.

फवारणी आहे, येता येत नाही. जीव तिथेच असेल.
तुझा काका

रत्नागिरी, १७ फेब्रुवारी

ती. काका-काकीस जय भीम, जय भीम, जय भीम!

जिंकलो! एक-शून्य! क्लबने जन्मात एकच सामना जिंकला, तोही शेवटचा! अखेरीला तसाच सणसणीत चेंडू आला. मी एक पाऊल पुढे. हात मागे गेले, चेंडू छातीशी, आणि खाली बघते तर रेषा माझ्या टाचेमागे!

गोव्याच्या बाईंनी तिथेच सांगितलं, एक एप्रिलला हजर हो. एप्रिल, काका! ऐन आंब्यात! कलमांखाली आता कोण?

संध्याकाळी क्लबची पाटी उतरवली. दीप्तीताईंनी तो चेंडू मला दिला. तुमच्याकडे पाठवतेय, सांभाळा. आणि मला जाऊ द्या.

तुमची, तिथे गेले तरी तुमचीच,
आम्रपाली

पावस, २१ फेब्रुवारी

चि. आम्रपालीस खूप खूप आशीर्वाद.

चेंडू पोचला. आंबा बघतो तसा फिरवून फिरवून बघितला. पेंढा घालून पेटीत ठेवलाय, वर क्लबचं नाव लिहिलंय.

एप्रिलला काकी खाली उभी राहणार आहे, नारळ फेकून सराव झालाय म्हणते. चार आंबे डागी होतील, होऊ देत. तू जा. तिकडे कोणी विचारलं कुठे शिकलीस, तर काकांच्या कलमांखाली, असंच सांग. हसले तर हसू देत.

पत्र लिही, मला फोनवर ऐकू येत नाही.
तुझा काका गंगाराम