माळ्याला परत पाठव

सूनबाई,

माळी गॅलरीतल्या कुंड्या न्यायला आला, तर त्याला परत पाठव. जाईचा वेल तुझ्या हातून मेला नाही. सकाळी तू पाणी घालून कामावर गेलीस की दुपारी मीही घालत असे. त्यानेच मुळे कुजली. "घरात चिखल नको" असे तुला बजावणारी मी! त्या झाडांपाशी बसल्यावाचून मला चैन पडत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार होते? काल तू स्वतःला दोष देत रडलीस, सगळ्या कुंड्या देऊन टाकते म्हणालीस, तरी मी गप्प राहिले. त्याची लाज वाटते.

तू रोज आग्रह करतेस त्या बागेत फिरायला गेले आहे. परतल्यावर याविषयी एक शब्दही काढू नकोस. यापुढे पाणी तूच घाल. माझी खुर्ची मात्र गॅलरीतच राहू दे.

— आई