मामीसाठी जास्वंदीचं स्टूल

मामी, लांबूनच पाया पडतो.

तुमचे पाय सुजतात म्हणून टेकायला बुटकं स्टूल केलंय. त्याच्या गादीला मोबाइलवर बघून गोणपाटातनं आकड्यानं लोकर वर ओढली अन् लालभडक जास्वंद फुलवली. हितं कोइमतूरच्या गलाई दुकानात माझ्यासंगं सोनं गाळणारा नाथाजी लय हसला. "गड्या, गणपतीच्या फुलावर मामी पाय ठिवंल व्हय रं? उलट कुंकू लावून देव्हाऱ्यात ठिवंल!"

आता सगळं उसवायचं जिवावर आलंय. पाय ठिवायला नको, तर बसायला घ्या. तुमच्या राजेश्वरीचं माझ्यासंगं जमवा, हळद लावायला मी त्यावरच बसतो.

हे लिवलं खरं, पण पोस्टात टाकायचं धाडस होईना. नुसतं स्टूल पाठवतो. काय ते तुमीच वळका.

तुमचा भाचा (आधी 'जावई' लिवलं हुतं, खोडलं),
जयराज