तगलेले मासे

बेडसे, रविवार

प्रिय रुपाली,

सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? जावईबापूंचा खोकला गेला का? प्रेरणा अंगणवाडीत रडायची थांबली का? आणि तू वेळेवर जेवतेस ना? तुझ्या मामीचा दमा थंडीमुळं उसळलाय, पण हिंडती-फिरती आहे. मला मात्र एक गोष्ट तुला सांगायचीच आहे. फोनवर हे बोलवेना, म्हणून लिहितोय.

तुमच्या प्रयोगशाळेला मासे पुरवायचं काम तूच मिळवून दिलंस, त्याला पाच वर्षं झाली. कारखान्यानं शुद्ध करून सोडलेल्या पाण्यात मासे चार दिवस ठेवायचे, दहातले नऊ जगले की पाणी पास, हेही तूच ओट्यावर बसून समजावलंस. पहिल्या खेपेला वाटेतच सात मेले. तुमच्या प्रयोगशाळेतला राजेंद्र म्हणाला, "मामा, मयताला बोलावलंय व्हय आम्हाला?" लय लागलं मनाला. भाचीला खाली बघायला लागू नये म्हणून तेव्हापासून शेततळ्यातले मासे मी आधी आठवडाभर ओढ्याच्या पाण्यानं भरलेल्या पिंपात सोडायचो. ओढा म्हणजे ज्यात कारखान्याचं पाणी येतं तोच. मरतील ते फेकायचे, तगतील ते तुम्हाला. पाहुण्यांसाठी तांदूळ निवडावेत तसं. वाटायचं, माल चोख देतोय.

यंदा ओढ्यात औषधालाही खेकडा दिसेना. शेजारच्या शकुबाईच्या दोन शेळ्या गाभडल्या. मनात पाल चुकचुकली, म्हणून कारखान्याच्या पाइपाखालून दोन बादल्या भरून आणल्या. एकीत तळ्यातले ताजे मासे सोडले, दुसरीत पिंपातले. दिवस मावळायच्या आत पहिल्या बादलीतले सगळे पोट वर करून तरंगत होते. दुसरीतले मजेत फिरत होते. म्हणजे पाच वर्षं मी तुम्हाला त्या पाण्याला सरावलेलेच मासे देत होतो गं.

कारखान्यातल्या साहेबाला गाठलं, तर तो हसून म्हणाला, "आबा, कागदावर मासे जिवंत आहेत." पंचायतीत म्हणाले, पाणी पास असल्याचा प्रयोगशाळेचा दाखला असताना भांडायचं कशाच्या जोरावर? शकुबाई म्हणते, "श्रीपतीभाऊ, तुमची भाची तितंच हाय न्हवं? तिला इचारा की."

शकुबाईला काय सांगू? पाचही वर्षांच्या दाखल्यांवर सही तुझी आहे. खरं बोललो तर पहिली तूच अडकशील. गप्प बसलो तर शकुबाईची नातवंडं ओढ्याकाठच्या विहिरीचंच पाणी पितात. येत्या शुक्रवारी राजेंद्र पुन्हा चाळीस मासे न्यायला येतोय. पिंपातले देऊ की तळ्यातले, मला ठरवता येत नाही. त्याच्या आत चार ओळी तरी लिही, पोरी.

तुझाच,
श्रीपतीमामा